तिसऱ्या दिवसाची कुसळं

उडीद उपटायला आला होता आणि आभाळ रोज दुपारी काळं होऊन सांजेला न पडताच पांगत होतं. असल्या आभाळाचा भरवसा नसतो. म्हणून सहादू गुरव त्या शनिवारी दिवस उगवायच्या आत सून रेश्माला घेऊन इनामाच्या पट्टीत उतरला. जामखेडच्या डोंगरकडेची मुरमाड जमीन ती. बोट घातलं तर आधी खडा लागायचा. दोघं मान खाली घालून उपटत होती. बोलायला सवड नव्हती आणि बोलण्यासारखं काही नव्हतंही.

नऊच्या सुमाराला गोरक्ष आला. सहादूचा एकुलता एक लेक. कधीकाळी टेम्पो चालवायचा, कांद्याच्या गोण्या भरून थेट घोडेगावच्या बाजाराला जायचा. आता सकाळी तोंड धुवायच्या आधी त्याला दारू लागायची. त्यानं उडदाचा भारा डोक्यावर घेतला, चार पावलं टाकली आणि भाऱ्यासकट बांधावर आडवा झाला. शेंगा मातीत फुटल्या. उठायचं सोडून तो आभाळाकडं बघत पडून राहिला.

रेश्मानं हातातली मूठ खाली टाकली.

"मामा, बास झालं आता. परवा सोमवारी मी ह्यास्नी जामखेडला दवाखान्यात नेनार. तितल्या डाक्टर रश्मी मॅडमशी बोलून आलीया मी."

"कशापायी?"

"दारू उतरवायला. आठ दिस ठिवून घेत्यात. इंजेक्शनं, सलाईन, समदं त्यांच्या डोळ्याखाली. आन मॅडमनी बजावलंय, तवर घरच्या घरी एकदम तोडू नका. लई वर्सांची सवय हाय. एकदम तोडली तर जिवावर बेततंय."

सहादू कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "दारू पिऊन मानूस मरतंय हे ऐकलं हुतं. न पिता मरतंय, हे तुझ्या मॅडमनं नवंच काढलं!"

"मी न्हाई म्हनत, त्या म्हनत्यात."

"आगं, खर्ड्यापासनं मानसं येत्यात आपल्या दारात भंडारा उचलाया. आन गुरवाचंच पोरगं सुईला न्यायचं? लोक काय म्हनतील? ह्याच्या घरात देव, आन ह्यालाच पावंना!"

"लोकांच्या म्हनन्यावर माजं कुकू ठिवू का मामा?"

तेवढ्यात बांधावरनं गोरक्ष बोलला. आवाज पडलेला, पण शुद्धीतला.

"आबा, मी उचलतो भंडारा. उद्याच. मला सोडायची हाय."

आणि तो रडायला लागला. पिणाऱ्याचं रडणं सहादूनं पुष्कळ पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. म्हातारा विरघळला. सुनेकडं बघून म्हणाला, "बघ. देवानंच बुद्धी दिली."

रेश्मा खाली वाकली आणि मातीतल्या शेंगा वेचू लागली.

पिंपळदऱ्याच्या भैरोबाची ही रीत जुनी. दारू सोडायची असेल त्यानं रविवारी ओल्या अंगानं देवासमोर उभं राहायचं. तळहातावर बेलाचं पान, त्यावर भंडारा. "आजपासनं थेंब घेतला तर भैरोबा, तू बघून घे," असं तीनदा म्हणायचं. मग देवळाच्या ओवरीत तीन दिवस बंद. बाहेरनं कुलूप, आणि किल्ली गुरवाच्या करगोट्याला. आत पाणी, दूध, भाकरी. बुधवारी सकाळी दार उघडायचं, गुलाल लावायचा, गावात साखर वाटायची. सहादूच्या बापानं हे केलं, सहादूनं चाळीस वर्षं केलं. किती तरी संसार त्यातनं सावरले होते. खोटं कशाला बोला.

पण दोन माणसं त्या ओवरीतनं चालत बाहेर आली नव्हती.

पहिला बिभीषण. अकरा वर्षं झाली. तिसऱ्या दिवशी हातपाय झाडत गेला. तेव्हा ओवरीला बाजूच्या अंगाला वीतभर झरोका होता. सहादूनं त्या झरोक्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ह्याच्या बायकूनं, कलीनंच बाटली दिली असनार हितनं. बायकूचं काळीज. भंडारा हातात घिऊन पेला, देवानं उचलला." बघितलं त्यानं काहीच नव्हतं. नुसतं म्हणाला. पण गुरवाच्या तोंडचा शब्द गावात दगडावर कोरल्यासारखा राहतो. बिभीषणाची बायको कलाबाई त्या दिवसापासून 'नवऱ्याला पाजून मारनारी' झाली. तिनं देवळाची पायरी सोडली. बायका तिला रानात निंदणीला बोलवायच्या, पण पाण्याची कळशी तिच्यापासून लांब ठेवायच्या.

सहादूनं झरोका विटामातीनं बुजवून टाकला.

दुसरा गहिनीनाथ. चार वर्षांमागं. तोही तिसऱ्याच दिवशी, तसाच. झरोका तर बंद. मग गाव म्हणालं, धोतराच्या कासोट्यात लपवून नेली असणार. सहादू हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही. गहिनीनाथाला त्यानं स्वतःच्या हातानं आंघोळ घातली होती. सुकं धोतर देवळाच्या पेटीतलं होतं, तेही त्यानंच दिलं होतं. हा काटा त्यानं कुणाला दाखवला नाही. स्वतःला सुद्धा नाही. त्या दोन मरणांनी भैरोबाचा दरारा दुप्पट झाला होता. 'आमच्या देवाला खोटं खपत न्हाई,' असं लोक छाती पुढं काढून सांगायचे.

रविवारी गोरक्षनं भंडारा उचलला. शेवटची त्यानं शनिवारी सांजेला घेतली होती. ओवरीत शिरताना त्यानं वळून बघितलं. रेश्मा खांबाला टेकून उभी होती.

या वेळी पोटचा गोळा आत होता, म्हणून सहादूनं दारातच घोंगडी अंथरली. जेवला तिथंच, लवंडला तिथंच. "माशीसुदीक माज्या नजरंखालनं जाईल," म्हणाला.

सोमवारी गोरक्षला घाम फुटला. दुधाचा तांब्या हातात राहीना. अर्धं दूध छातीवर सांडायचं. देवळाचे पंच पुंजाराम येऊन फटीतनं बघून गेले. "दारू निघतीया अंगातनं. निघू द्या. घानच ती."

"अंग तापलंय वो," रेश्मा म्हणाली.

"सोनं तापल्याबिगर उजळतंय का? तू घरी जा बाई."

मंगळवारी सकाळपासून वारं पडलं. आभाळ खाली आलं होतं, पान हलत नव्हतं. देवळासमोरच्या लिंबावर रोज कलकल करणारे कावळेही कुठं गेले कोण जाणे. आतनं गोरक्षचं पुटपुटणं ऐकू येत होतं. कुणाशी तरी बोलल्यासारखं. सहादूनं फटीला डोळा लावला.

गोरक्ष भिंतीला टेकून बसला होता. डोळे ताणलेले, ओठ कोरडे. दोन बोटांच्या चिमटीनं तो मांडीवरच्या धोतरातनं काहीतरी वेचत होता. वेचायचा, बाजूला टाकायचा. पुन्हा वेचायचा.

"गोरक्षा, काय करतूस रं?"

"कुसळं, आबा. लई कुसळं चिकटल्यात. वेचून संपंनात."

धोतर पांढरं स्वच्छ होतं.

सहादूनं डोळा फटीवरनं मागं घेतला. गहिनीनाथ तिसऱ्या दिवशी सकाळी असाच बसला होता. अशीच दोन बोटं. 'गुरवबाबा, कुसळं काडा की माज्या अंगावरची.' आणि त्याच्या आधी बिभीषण... त्यानंही गोधडी वेचून वेचून तिचे टाके उसवले होते. सहादूला ते आठवत होतं. कायमच आठवत होतं. फक्त तिघांची बोटं एका शेजारी एक त्यानं कधी ठेवून बघितली नव्हती.

"तिसरा दिस हाय न्हवं, गुरवबाबा?"

सहादू दचकून वळला. देवळाच्या आवाराबाहेर, दगडी गडग्यापलीकडं, कलाबाई उभी होती. डोक्यावर गवताचा भारा. अकरा वर्षांत ती त्या गडग्याच्या एवढ्या जवळ आली नव्हती.

"कलाबाई, तू जा घरी."

"जाते. आवाज ऐकला म्हनून थांबले. माजा मालक बी असाच बोलत हुता, एकलाच." तिनं भारा गडग्यावर टेकवला. "झरोक्यातनं हात काडला हुता त्यानं. म्हनला, कले, घोटभर आन, न्हाईतर मी जातो. मी म्हनलं, भैरोबाची आन हाय, मी न्हाई देनार. हात धरून बसले नुसता. हात लई कापत हुता. मग कापायचा थांबला."

सहादू म्हणाला, "हे तू कंदी बोलली न्हाईस."

"कुनी इचारलं? तुमी तर मला इचारायच्या आदीच गावाला सांगून मोकळं झालता." तिनं बुजवलेल्या झरोक्याकडं बघितलं, मग कुलपाकडं, मग दारातल्या घोंगडीकडं. "बिभीषणाला मी पाजली. गहिनीनाथाला धोतरानं पाजली. आता सांगा की गुरवबाबा, तुमच्या लेकाला कुनी पाजली?"

ती भारा उचलून चालू लागली. आत गोरक्ष किंचाळला. तो आवाज माणसाचा वाटला नाही.

सहादूचा हात करगोट्याला गेला. तोवर पुंजाराम आणि दोन-चार माणसं धावत आली होती.

"सहादूबा, किल्लीला हात लावू नगा! मुदत उद्या सकाळची. मोडली तर देव खवळंल."

"आत काय झालंय बघा तरी."

"आवो, ही तर परीक्षा. चाळीस वर्सं तुमीच आमाला सांगत आलाय की, तीन दिसाच्या आत दार उघडायचं न्हाई. आन आता सोताचा पोरगा म्हनून?"

शब्द त्याचेच होते. परत येऊन त्यालाच लागले. सहादू वळला. देवाकडं बघितलं. भैरोबाचे चांदीचे डोळे नेहमीसारखेच होते, ते काही सांगत नव्हते. मग त्यानं किल्ली काढली. पण कुलपाचं तोंड सापडेना. मागनं कुणीतरी ती किल्ली त्याच्या हातातनं घेतली आणि एका हिसक्यात कुलूप काढलं. रेश्मा होती. बाहेर गावातल्या हर्षलची पिकअप गाडी सुरूच ठेवलेली होती. ती तिनं कधी बोलावली, हे त्यानं विचारलं नाही.

जामखेडच्या रस्त्याला फाट्याजवळ गोरक्षचं अंग ताठ झालं. दात आवळले, डोळे पांढरे झाले, टाचा पत्र्यावर आपटायला लागल्या. रेश्मानं त्याला कुशीवर वळवून धरलं, डोक्याखाली पदर घातला. "जोरात घे, हर्षल!" ती ओरडत होती. सहादू लेकाच्या पायाशी बसून फक्त बघत होता. ओठात देवाचं नाव येत होतं आणि मागं जात होतं.

दवाखान्यात चार माणसांनी गोरक्षला आत नेलं. सुई टोचली, सलाईनची बाटली लागली. थोड्या वेळानं रश्मी मॅडम बाहेर आल्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या बाई. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"शेवटची कधी घेतली?"

इतक्या वर्षांत भैरोबाच्या देवळात हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता. विचारायची लाजच होती.

"शनवारी सांजच्याला," सहादू म्हणाला. आणि सवयीनं, थोड्या ताठ्यानं पुढं म्हणाला, "त्यानंतर थेंब न्हाई. मीच कुलूप लावलं हुतं."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाबा, मुलगा टेम्पो चालवायचा म्हणे. सौताड्याच्या घाटात भरलेली गाडी उतरवताना काय करतात?"

"गेरात उतरवत्यात. हळूहळू."

"आणि गेर काढून सोडून दिली तर?"

सहादूची नजर आतल्या खोलीच्या दाराकडं गेली.

"वर्षानुवर्षं रोज एवढी पिणाऱ्याचं शरीर त्या दारूवर चाललेलं असतं. ती एकदम काढली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडी सुटते. कंप, ताप, भास, झटके. म्हणून औषधाखाली, सलाईनखाली, रात्रंदिवस लक्ष ठेवून उतरवावं लागतं. रेश्माला मी हेच सांगितलं होतं."

"पर लई जनांची सुटली की आमच्या देवळात."

"सुटली असेल. ज्यांची थोडी होती ते तरले. निश्चय त्यांचा होता, तो मी खोटा म्हणत नाही."

सहादूनं उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग जे विचारायला तो चार वर्षं घाबरत होता ते विचारलं.

"एक मानूस हुता. दोन हुते. तिसऱ्या दिशी कुसळं वेचाया लागले, हातपाय झाडले, आन गेले. मॅडम, ते पेले म्हनून गेले का न पेता गेले?"

"मी त्यांना पाहिलेलं नाही. शपथेवर नाही सांगता यायचं. पण तुम्ही सांगता तसं असेल, तर... त्यांनी शब्द पाळला होता, बाबा."

सहादू बाकड्यावर बसला.

गोरक्षनं बापाला ओळखलं ते शुक्रवारी. डोळे उघडले, छताच्या पंख्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आबा, उडीद घरात आला का?" रेश्मा दाराआड जाऊन रडली. बाईंनी मात्र आधीच सांगून टाकलं. "साखर वाटू नका एवढ्यात. हे नुसतं अंगातलं उतरवणं झालं. अजून चार दिवस इथं, मग पुढं बोलणं, औषध, दर आठवड्याला येणं. खरी लढाई घरी आल्यावर आहे. तो पुन्हा घसरेलही. तेव्हा कोंडू नका, इकडं आणा."

"म्हंजी ही नुसती नांगरट झाली," रेश्मा म्हणाली. "पेरा अजून व्हायचाच हाय."

रविवारी सकाळी सहादू एकटाच गावी परतला, कारण देवाची रविवारची पूजा चुकवता येत नव्हती. आधी तो देवळात गेला नाही. कलाबाईच्या दारात गेला. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं बसा म्हटलं नाही.

"कलाबाई, बिभीषण पेला न्हवता."

"मला काय नवं सांगताय?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मला ठावं हुतंच. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा."

"म्हनूनच आलुया. देवळात चल."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग पिठाचे हात धुतले.

देवळात आज गर्दी होती. गुरवाच्या पोराचं काय झालं ते ऐकायलाच लोक आले होते. कलाबाई पायरी चढली तेव्हा बायका बाजूला सरकल्या. सहादूनं ओल्या अंगानं देवासमोर उभं राहून तळहातावर बेलाचं पान ठेवलं, त्यावर भंडारा घेतला. चाळीस वर्षं तो दुसऱ्याच्या हातावर ठेवत आला होता. स्वतःच्या हातावर तो इतका जड लागेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"बिभीषण पेला न्हवता," तो म्हणाला. "गहिनीनाथ पेला न्हवता. त्यांनी भंडारा पाळला, आन पाळला म्हनून गेले. कलीनं बाटली दिली हे मी बघितलं न्हवतं. मी खोटं बोललो. हे खोटं असंल तर भैरोबा, तू मला बघून घे. ओवरीला आजपास्नं कुलूप न्हाई."

मग कुजबुज उठली. पुंजाराम पुढं आले, चेहरा लाल.

"पोरगा दवाखान्यात पडल्यावर शानपन सुचलं व्हय? अन् आमी आता काय करायचं? माज्या अंगदाला आनलाय मी भंडाऱ्याला. तुमी न्हाई दिला तर दुसऱ्या गावाला काय देव न्हाईत?"

गर्दीतनं दोघांनी पुंजारामच्या लेकाला पुढं आणलं. अंगद. तिशीचा गडी, अंग ओलं, धोतर मांड्यांना चिकटलेलं. मनगटांवर दोराचे वळ.

कलाबाई खांबाजवळनं सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पुंजारामभाऊ, ह्यानं शेवटची कवा घेतली?"

"तुला काय करायचंय गं?"

"कवा घेतली ते सांगा."

पुंजाराम गावाकडं बघून अभिमानानं म्हणाले, "गुरवासारका कच्चा न्हाई मी. शुक्रवार सकाळपासनं गोठ्यात बांधून घातलाय. थेंब दिला न्हाई."

सहादूनं मनात मोजलं. शुक्रवार. शनिवार. रविवार.

मग त्याची नजर खाली गेली. अंगद कुणाकडंच बघत नव्हता. मान वाकवून, दोन बोटांच्या चिमटीनं, आपल्या ओल्या धोतरातनं काहीतरी वेचत होता. वेचायचा, बाजूला टाकायचा.

"हर्षल!" सहादू गर्दीकडं बघून ओरडला. भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या हातानंच त्यानं अंगदचं मनगट धरलं. "गाडीचं तोंड जामखेडकडं कर."

पुंजाराम दारात आडवे झाले. कलाबाईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं अंगदचा दुसरा हात धरला. तो हात लई कापत होता. अजून कापत होता.